पदराला पिन लावायची शाळा

मी जन्माची भित्री. कुणाला भुताची भीती वाटते, कुणाला विंचवाची. मला खोकल्याची वाटते. पुरुषाने दारात उभं राहून मुद्दाम काढलेल्या खोकल्याची. आजही कुणी दाराशी खाकरलं की माझा हात आधी डोक्यावरच्या पदराकडे जातो, आणि मग आठवतं की घरात आता माझ्याहून मोठं कुणी उरलेलंच नाही.

आमची घरं मूळची गुजरातेतून आलेल्या शेतकऱ्यांची, तापीच्या काठाला कापूस आणि केळी पिकवणारी. आमच्यात सुनेने सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरांसमोर लाज काढायची. म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा. पण तेवढ्यावर भागत नसे. सुनेचं तोंड दिसता कामा नये, तसा तिचा आवाजही सासऱ्याच्या कानी पडता कामा नये. घरात शिरताना कर्ता पुरुष खोकायचा तो बायकांना सावध करायला. सुनेला काही सांगायचंच असेल तर तिने जवळच्या पोराच्या नाहीतर दुसऱ्या बाईच्या कानात सांगायचं आणि त्या माणसाने ते मोठ्याने बोलायचं. आमच्या घरात हे बोलण्याचं काम माझ्याकडे होतं. माय कुजबुजायची आणि मी ओरडायची.

मी पाच-सहा वर्षांची असतानाची गोष्ट. दुपारी आजोबा ओसरीत खाटेवर झोपले होते. माय दाराआड ज्वारी पाखडत होती. भिंतीच्या कडेने नाग आला आणि आजोबांच्या खाटेखाली शिरला. मायने तो पाहिला. आजोबांचा एक हात खाटेवरून खाली लोंबत होता. माय ओरडली नाही. सूप खाली ठेवून ती मागच्या अंगणात धावली, मला वेणीला धरून ओढत आणलं आणि कानात म्हणाली, "आजाले सांग, खाटखाले साप शे." मी बोंब मारली. आजोबा उडी मारून उठले, चुलते काठ्या घेऊन आले आणि नाग मारला गेला.

ही गोष्ट गावात वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितली गेली. सून असावी तर अशी, एवढं संकट आलं पण मर्यादा सोडली नाही! मीही ती ऐकून आधी फुशारत असे. मग एकदा मनात आलं ते मी मायला विचारलं, "माय, मी घर नसती तर?"

माय भाकरी थापत होती. तिने वर न बघता म्हटलं, "व्हती ना तू."

त्या उत्तराने मला जी धडकी भरली ती नागाने भरली नव्हती.

शहाद्याला मुलींची माध्यमिक शाळा निघाली तेव्हा मी सातवी पास होऊन घरी बसले होते. पन्नासचं दशक सरत आलं होतं. नंदुरबार जिल्हा तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. मुलांसाठी हायस्कूल होतं. त्यात मुली पाठवायला कुणी धजावत नसे, आणि नुसत्या मुलींचं हायस्कूल ही तर ऐकीव गोष्टसुद्धा नव्हती. ते काढायला नाशिककडून एक बाई आल्या. चाळिशीच्या, पांढऱ्या पातळातल्या, हातात कायम काळी छत्री. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. त्या बसने, बैलगाडीने, कधी चिखल तुडवत गावोगाव हिंडल्या आणि ओट्यांवर बसून मुली मागितल्या, जशी सोयरीक मागतात तशा.

लोकांनी त्यांना चहा दिला, मुली दिल्या नाहीत. "पोर शिकीसन काय कलेक्टर व्हनार शे?" असं तोंडावर विचारलं. पाठीमागे बोलले ते याहून वाईट. शिकलेल्या पोरी चिठ्ठ्या लिहितात. ही बाई पोरी जमवून शहरात नेऊन सोडणार आहे. माझ्या आत्याने तर शपथेवर सांगितलं की शाळेत पहिल्याच दिवशी पोरींचे केस कापतात. मी रात्रभर वेणी हातात धरून झोपले. तरी अकरा मुली जमल्या. माझे बा हट्टी माणूस; गावाने नको म्हटलं, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. आमच्या गावच्या चौघींसाठी त्यांनी छप्पर आणि पडदा असलेली दमणी जुंपून दिली. म्हातारा गाडीवान पडद्याकडे पाठ करून बसायचा आणि गाव संपेपर्यंत आम्हाला श्वासही मोठ्याने घेऊ द्यायचा नाही.

शाळा म्हणजे एका कापूस व्यापाऱ्याचं रिकामं गोदाम. सरकीचा वास भिंतीत मुरलेला, उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू उडायचे आणि आम्ही गोणपाटावर बसून बीजगणित शिंकायचो. पहिल्या पावसाळ्यात पत्र्यावर दोनदा दगड पडले. कुणी मारले ते कळलं नाही. मोठ्या बाईंनी खडू बदलला आणि पुढचं समीकरण लिहिलं. मी मात्र त्या दिवसापासून दाराजवळची जागा सोडली.

मोठ्या बाईंचा एक नियम होता. पातळाचा पदर चुण्या करून खांद्याला सेफ्टी पिनने पक्का करायचा. वर्गात डोक्यावर पदर नाही. "इथे तुम्ही कुणाच्या सुना नाहीत," त्या म्हणायच्या. बोलायला सोपं होतं. आम्ही दमणीतून उतरताना पिना लावायचो आणि संध्याकाळी चढताना काढायचो. पहिला महिनाभर उघड्या डोक्याने मला अंगावर कपडा नसल्यासारखं वाटे. शेजारी बसणारी माझी मैत्रीण लोणखेड्याहून चालत यायची, ती हसून म्हणे, "तुन्हा डोकावर काय शिंगं शेत का, की दखाडाले लाजस?" तिला कशाचीच भीती वाटत नसे. मला तिचा हेवा वाटे आणि तिच्यासाठी भीतीही वाटे.

दुसऱ्या वर्षी, मी नववीत असताना, माझं लग्न ठरलं. घराणं कळसाडीकडचं, मोठं आणि वजनदार. सुपारी फुटली. होणाऱ्या सासऱ्यांना मी तेव्हा एकदाच पाहिलं, तेही पदराच्या विणीतून. पांढरा फेटा, उंच, कमी बोलणारे. पुढच्या वैशाखात लग्न करायचं की थांबायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. बांना विचारायचा धीर नव्हता, कारण मुलीच्या बापाने थांबा म्हणायचं नसतं. म्हणजे माझी शाळा त्या फेट्याखालच्या डोक्यात काय आहे यावर टांगली होती. मला अकरावी करायची होती, मॅट्रिकची परीक्षा द्यायची होती. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की मायसारखं पोर शोधत धावायचं नाही.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या तपासणीचा दिवस आला. शाळेला अजून मान्यता नव्हती. शिक्षण खात्याचे साहेब येणार, वर्ग तपासणार, आणि त्यांना पटलं तर मान्यता. नाही पटलं तर आम्हाला मॅट्रिकचे फॉर्म भरता येणार नाहीत आणि मग आईबाप मुली का पाठवतील? हे मोठ्या बाईंनी आम्हाला लपवून न ठेवता सांगितलं. गोदाम शेणाने सारवलं, नकाशा टांगला, पिना दोनदा तपासल्या.  

साहेब काळ्या कोटात आले. त्यांच्या मागोमाग गावातली वजनदार माणसं, कारण शाळेसाठी नुकतीच एक समिती नेमली होती. पहिले गृहस्थ आले, दुसरे आले, आणि दारात कुणीतरी खोकलं.

तो खोकला मी ओळखला नाही, पण माझ्या हाताने ओळखला. पांढरा फेटा आत आला. माझे होणारे सासरे समितीवर आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बांना माहीत असतं तर त्या दिवशी दमणी जुंपलीच नसती. मी पदर ओढला. पदराला पिन. पुन्हा हिसडा मारला तेव्हा पातळ फाटलं, पिन खांद्यात रुतली आणि पदर हनुवटीपर्यंत आला. माझ्या गावच्या तिघींनी मला पाहून आपापले पदर ओढले; का ते त्यांनाही कळलं नसेल. साहेब वर्गाकडे वळले तेव्हा चार मुलींना तोंडंच नव्हती.

"हे काय?" साहेब म्हणाले. मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्या नाशिककडच्या; आमच्यात काय घडलंय ते त्यांना उमगेना.

साहेबांनी छडी उचलून नेमकी माझ्याकडे केली. "तू. पश्चिमेकडे वाहणाऱ्या मोठ्या नद्या सांग."

नर्मदा आणि तापी. तापी तर आमच्या शेताच्या बांधाशी होती. तिच्या पाण्यात मी पोहायला शिकले, तिच्या पुरात आमची म्हैस वाहून गेली. आणि तिचं नाव मला घेता येईना. सासरे चार हातांवर खुर्चीत बसले होते. बोलले तर सोयरीक मोडेल. घरची अब्रू जाईल. आणि मोडलेल्या सोयरिकीच्या पोरीला कोण शाळेत ठेवणार? नाही बोलले तर शाळाच राहणार नाही. खांद्यातून आलेलं रक्त पातळाला चिकटत होतं. लघवीला होईल अशी भीती वाटत होती. हे लिहायला आज लाज वाटते, पण खरं ते खरं.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. मी मैत्रिणीकडे झुकले आणि तिच्या कानात सांगितलं, "नर्मदा, तापी."

मैत्रीण उठून खणखणीत आवाजात म्हणाली, "नर्मदा, तापी!"

साहेबांनी छडी टेबलावर आपटली. "एकीला विचारलं तर दुसरी सांगते? आणि तेही कुजबुजून? बाई, ही तुमची शिस्त?" त्यांनी दुसरा प्रश्न मला विचारला. मी पुन्हा झुकले, मैत्रीण पुन्हा बोलली. उत्तर पुन्हा बरोबर आलं आणि साहेब आणखी भडकले. त्यांना वाटलं, या पोरीला काही येत नाही आणि शेजारची तिला वाचवते आहे. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.  त्या पेनाच्या निबकडे बघताना मला वाटलं, आता नाग खाटेखाली गेला आणि अंगणात कुणी पोर नाही.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझे होणारे सासरे उठले. कुणाकडे न बघता, कुणाला काही न बोलता ते दाराबाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं. ते अंगणातल्या कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसले, शाळेकडे पाठ करून.

वर्गातल्या सगळ्या मुलींना कळलं. समितीतल्या माणसांना कळलं. कळलं नाही ते फक्त साहेबांना आणि मोठ्या बाईंना. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं. "आते तरी बोल ना, बोल!"

मी पदर मागे टाकला. तोंडातून आधी आवाज निघेना, मग निघाला तो एवढा मोठा की मीच दचकले. तापी मुलताईजवळ उगम पावते, सातपुड्याच्या दक्षिणेने वाहते, खानदेशातून जाते, सुरतेपाशी समुद्राला मिळते. साहेबांनी धडा वाचायला लावला, तो वाचला. गणित घातलं, ते फळ्यावर सोडवलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मोठ्या बाई नकाशाकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

माझी भीती मात्र तिथून खरी सुरू झाली. खिडकी उघडी होती. पार पंधरा पावलांवर. माझा शब्द न् शब्द त्यांच्या कानांत गेला होता. घरी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हा माय मटकन खाली बसली. बा बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आते जे व्हई ते व्हई." दुसऱ्या दिवशी दमणी निघाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्या येऊन म्हणून गेली की हे होणारच होतं, केस नाही कापले तर नाक कापलं. मी फाटलेलं पातळ शिवत बसले. टाका घालायचा, उसवायचा, पुन्हा घालायचा. रस्त्यावर बैलाची घंटा वाजली की सुई टाक्यात तशीच सोडून ऐकत राहायची.

चौथ्या दिवशी ओट्यावर खोकला ऐकू आला. मी दाराआड गेले. बांनी सासऱ्यांना पाणी दिलं, घोंगडी अंथरली. ते पीकपाण्याचं बोलले, बैलांचं बोलले.  मग ते म्हणाले, "पोरना आवाज आयका मी." थांबले. बांनी मान खाली घातली. "मन्हा घरमा इतलं वाचनारं कोनी नही. मॅट्रिक व्हवू द्या तिनं. मंग लगीन करूत."

बा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कारण मायने मला एवढं घट्ट धरलं होतं की माझे दोन्ही कान तिच्या दंडात दाबले गेले होते.

मान्यता आली. अकरापैकी तीन मुली मधेच लग्न होऊन निघून गेल्या. बाकीच्या परीक्षेला बसलो. मी मॅट्रिक झाले आणि त्याच वैशाखात सासरी आले.

सासरी मी लाज काढली. कुणी सांगितलं नाही, पण काढली नाही तर काय होईल ते बघायची छाती माझ्यात नव्हती. सासरे दारात खोकायचे, मी पदर ओढायची. शाळेचा विषय कधी निघाला नाही. ते बाहेर जाऊन बसले होते म्हणजे त्यांनी मला ऐकलंच नव्हतं, असं आम्ही दोघांनी न ठरवता ठरवलं होतं. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत तळाशी होतं. सहा वर्षं गेली. माझा मुलगा बोलायला लागल्यावर मी त्याच्या कानात कुजबुजू लागले, आणि तो आजोबांना ओरडून सांगू लागला. पहिल्यांदा तसं झालं त्या दिवशी मला मायची भाकरी थापतानाची पाठ आठवली.

त्या सुमारास सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. ते ओसरीत खाटेवर पडून असत. एका सकाळी सगळे कापूस वेचायला शेतात गेले होते, सासूबाई मुलाला घेऊन देवळात. पोस्टमन पाकीट टाकून गेला. मी ते त्यांच्या खाटेवर ठेवलं आणि दाराआड झाले.

त्यांनी डाव्या हाताने पाकीट चाचपलं. फोडता येईना.  मग भिंतीला बोलल्यासारखे म्हणाले, "शाळामा मी उठीसन बाहेर गयथू. आते मन्हाघाई उठाता येत नही." पाकीट दाराकडे सरकवलं. "तूच वाच."

 घरात कुणी नव्हतं, कानात सांगायला भिंतीशिवाय काही नव्हतं. दाराआडून हात लांबवून मी पाकीट घेतलं, फोडलं. पत्र मोठ्या बाईंचं होतं. शाळा वाढली होती, स्वतःच्या इमारतीत गेली होती, आणि मुलींना शिकवायला बाई मिळत नव्हत्या. तुमच्या घरी आमच्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी आहे, असं त्यांनी सासऱ्यांना लिहिलं होतं. तिला शिकवायला पाठवाल का? माझ्याबद्दलची ती मागणी मलाच, माझ्या तोंडाने, त्यांना वाचून दाखवायची होती. मी वाचली. मधे दोनदा आवाज गेला, दोनदा पुन्हा पहिल्यापासून वाचली.

पत्र संपलं. ओसरीत माश्यांचा आवाज तेवढा येत होता.  

"जाशी का?" त्यांनी विचारलं.

मला काय हवं ते कुणी विचारलं असं ते पहिल्यांदाच. पदर हनुवटीपर्यंत होता, तो मी वर केला नाही; तेवढं धैर्य त्या दिवशीही नव्हतं. पण पदराआडून मी म्हटलं, "जासू."

आवाज जरा मोठाच निघाला असणार, कारण शेजारीण हातातलं सूप तसंच घेऊन आमच्या दारात येऊन उभी राहिली.